पोटॅशियम चॅनेल ओळखायचा कसा: चेतापेशीचे रेकॉर्डिंग वाचण्याच्या पायऱ्या

पॅच क्लॅम्प, म्हणजे काचेच्या बारीक पिपेटने एकेका पेशीचे विद्युत रेकॉर्डिंग घेण्याची पद्धत, शिकायला येणारे बहुतेकजण एक वाक्य पाठ करून येतात: सोडियम पेशीला पेटवतो, पोटॅशियम विझवतो. वाक्य खोटे नाही, पण त्याच्या भरवशावर रेकॉर्डिंग वाचायला बसले की लवकरच गाडी अडते. सेकंदाला २०० स्पाइक (व्होल्टेजच्या क्षणिक उसळ्या) सहज देणारी एखादी पेशी घ्या आणि तिच्यातला केव्ही३ हा पोटॅशियम चॅनेल (पटलातले पोटॅशियम जाऊ देणारे प्रथिनाचे छिद्र) औषधाने बंद करा. पाठ केलेल्या वाक्यानुसार ती आणखी जोरात फायर व्हायला हवी. प्रत्यक्षात तिचे स्पाइक रुंद होतात, ती अडखळते आणि वेग घसरतो. विझवणारा काढून घेतला आणि पेशीच मंदावली.

माणसात पोटॅशियम चॅनेलची जनुके ८० च्या आसपास आहेत. त्यांची यादी पाठ करून हे कोडे सुटत नाही. प्रत्येक चॅनेलला तीन प्रश्न विचारायचे: तू कोणत्या व्होल्टेजला उघडतोस, किती झटपट उघडतोस-मिटतोस आणि पेशीच्या कोणत्या भागात बसला आहेस? पेशीच्या उत्तेजनक्षमतेवर त्याचा परिणाम काय होणार, हे या तीन उत्तरांवरून ठरते. पुढच्या पायऱ्या मी रेकॉर्डिंग ज्या क्रमाने वाचतो त्याच क्रमाने मांडल्या आहेत: आधी शांत पेशी, मग उंबरठ्याखालचा (स्पाइक सुटतो त्या व्होल्टेजच्या खालचा) भाग, मग स्पाइक आणि शेवटी स्पाइकनंतरचा काळ.

पायरी १: पोटॅशियमचे समतोल व्होल्टेज आधी काढा

इलेक्ट्रोड हातात घेण्याआधी हे गणित वहीत हवे. समतोल व्होल्टेज म्हणजे ज्या व्होल्टेजला पोटॅशियमची निव्वळ ये-जा थांबते ते. नर्न्स्टच्या समीकरणानुसार ३७ अंश सेल्सिअसला पोटॅशियमचे समतोल व्होल्टेज म्हणजे ६१.५ गुणिले बाहेरच्या व आतल्या प्रमाणाच्या भागाकाराचा दहाच्या पायाचा लॉगरिदम. आत १४० मिलिमोलर, बाहेर ३ मिलिमोलर धरले तर उत्तर साधारण उणे १०३ मिलिव्होल्ट येते. पेशीचे विश्रांतीतले व्होल्टेज मात्र बहुधा उणे ६५ ते उणे ७५ च्या दरम्यान असते, कारण थोडा सोडियम सतत आत झिरपत असतो. म्हणून कोणताही पोटॅशियम चॅनेल उघडला की तो पेशीला खाली, उंबरठ्यापासून दूर ओढतो.

आता बाहेरचे पोटॅशियम १२ मिलिमोलर करून तेच गणित पुन्हा करा. झटक्याच्या वेळी मेंदूत पेशींबाहेरचे पोटॅशियम या पातळीपर्यंत चढू शकते. उत्तर येते उणे ६६. चॅनेल तेच, संख्या तीच, पण खाली ओढण्याची त्यांची ताकद जवळपास संपली. चेतापेशींना आधार देणाऱ्या ॲस्ट्रोसाइट पेशींमधला केआयआर ४.१ हा चॅनेल बाहेर साचलेले पोटॅशियम उचलायला मदत करतो, तो यासाठी इतका महत्त्वाचा. तुमच्या द्रावणात पोटॅशियम किती आहे हे न बघता दुसऱ्या प्रयोगशाळेच्या आकड्यांशी तुलना करू नका.

आणखी एक दुरुस्ती इथेच करून टाका. पिपेटमध्ये पोटॅशियम ग्लुकोनेट असेल तर द्रवसंधीच्या, म्हणजे पिपेटचे आणि बाहेरचे द्रावण भेटतात तिथल्या, व्होल्टेजमुळे आकडा साधारण १० ते १५ मिलिव्होल्टने चुकतो. दुरुस्ती केली की नाही, हे वहीत लिहून ठेवा. पुढे चॅनेल कोणत्या व्होल्टेजला उघडतो यावर सगळा निवाडा व्हायचा आहे आणि तिथे १५ मिलिव्होल्टची चूक केव्ही१ ला केव्ही२ करून टाकते.

पायरी २: चार घराणी ओळखून ठेवा

इथे फार रेंगाळायची गरज नाही. व्होल्टेजवर उघडणारे केव्ही हे सर्वांत मोठे घराणे, माणसात सुमारे ४० जनुके. दुसरे कॅल्शियमवर उघडणारे, त्यांत बीके आणि एसके मुख्य. तिसरे केआयआर, म्हणजे पोटॅशियम बाहेर सोडण्यापेक्षा आत घ्यायला जास्त राजी असणारे. चौथे के२पी, ज्यांच्या एकेका साखळीत छिद्राचे दोन भाग असतात. हे बहुतांशी गळतीचे काम करतात.

सगळ्यांच्या छिद्राची गाळणी मात्र एकाच घडणीची. रॉडरिक मॅकिनन यांच्या गटाने १९९८ मध्ये केसीएसए या जिवाणूच्या चॅनेलची रचना दाखवली आणि एक जुने कोडे उलगडले: लहान सोडियम अडतो आणि त्याहून मोठा पोटॅशियम पार कसा होतो? पाण्यात पोटॅशियमभोवती पाण्याच्या रेणूंचे कडे असते. गाळणीच्या भिंतीतले ऑक्सिजन अणू नेमक्या त्याच अंतरावर बसलेले असल्याने पाणी सोडून आत शिरणे पोटॅशियमला महाग पडत नाही. सोडियम लहान असल्याने त्याला ते ऑक्सिजन नीट भेटत नाहीत, पाणी सोडायचा खर्च भरून निघत नाही आणि तो बाहेर राहतो. या कामासाठी मॅकिनन यांना २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले. मला आजही हे चित्र पाहिले की हरखून जायला होते.

पायरी ३: शांत पेशीला हळूच खाली ढकला

पहिले स्पंद उणे प्रवाहाचे द्या: उणे ५०, १००, १५०, २०० पिकोअँपिअर, प्रत्येकी अर्धा ते एक सेकंद. प्रत्येक वेळी व्होल्टेज किती खाली गेले ते मोजा.

समान पायऱ्यांना व्होल्टेजच्याही समान पायऱ्या आल्या तर त्या पट्ट्यात मुख्यतः गळतीचे चॅनेल काम करत आहेत, म्हणजे टास्क, ट्रेक वगैरे के२पी मंडळी. यांना निव्वळ भोक समजू नका. टास्क बाहेरच्या आम्लतेने मिटतो, ट्रेक ताण, उष्णता आणि अ‍ॅराकिडोनिक आम्लाने उघडतो. श्वासावाटे दिली जाणारी काही भूलद्रव्येही या घराण्यातले चॅनेल उघडतात आणि पेशी शांत होण्यात त्याचा हातभार असतो.

व्होल्टेजच्या पायऱ्या खाली जाताना आखडत गेल्या, म्हणजे पहिली ८ मिलिव्होल्टची आणि चौथी जेमतेम ४ ची, तर केआयआर२ चा संशय घ्या. वरच्या व्होल्टेजला मॅग्नेशियम आणि स्पर्मिनसारखे पॉलिअमाइन त्याचे छिद्र आतून बुजवतात. पेशी खाली गेली की बूच निघते आणि चॅनेल मोकळा होतो. स्ट्रायटममधल्या काटेरी पेशी उणे ८० च्या आसपास खोल बसून असतात, त्याचे मोठे कारण हेच. इथे नवखे लोक एचसीएनच्या (व्होल्टेज खाली गेल्यावर उघडून ते वर ओढणाऱ्या चॅनेलच्या) प्रवाहाशी गल्लत करतात. फरक डोळ्यांना दिसतो: एचसीएन असेल तर व्होल्टेज आधी खाली जाते आणि मग शेकडो मिलिसेकंदांत हळूहळू वर सरकते, झोळ पडल्यासारखे. केआयआर२ मध्ये आखडणे लगेच दिसते, झोळ पडत नाही. खात्रीसाठी केआयआर२ ला अडवणारे १०० मायक्रोमोलर बेरियम द्या. बाहेरून सिझियम देऊ नका, ते दोघांनाही अडवते आणि प्रश्न होता तिथेच राहतो.

याच पायरीवर केआयआर३, म्हणजे जीआयआरके, तपासून घ्या. गॅबा-बी रिसेप्टर जागा झाला की जी-प्रथिनाचे बीटा-गॅमा भाग थेट या चॅनेलला उघडतात. परिणाम किती मोठा असतो ते आकड्यांत पाहू. समजा पेशी उणे ७० वर आहे, उंबरठा उणे ५० वर आणि इनपुट रेझिस्टन्स (पेशीचा एकूण विद्युतरोध) १५० मेगाओहम. उंबरठा गाठायला २० मिलिव्होल्ट, म्हणजे सुमारे १३३ पिकोअँपिअर लागतात. आता गॅबा-बी रिसेप्टर जागवणारे बॅक्लोफेन दिले, जीआयआरके उघडला आणि रेझिस्टन्स १०० मेगाओहमवर आला. एकूण वाहकता ६.७ वरून १० नॅनोसीमेन्स झाली. वाढलेले ३.३ सगळे पोटॅशियमचे, त्याचे समतोल व्होल्टेज उणे ९५ धरले तर पेशी साधारण उणे ७८ वर जाऊन बसते. आता २८ मिलिव्होल्ट चढायचे आणि तेही कमी रेझिस्टन्सवर: लागणारा प्रवाह सुमारे २८३ पिकोअँपिअर. दुपटीहून जास्त. व्होल्टेज फक्त ८ मिलिव्होल्टने हलले होते, ते एवढेच पाहून "परिणाम किरकोळ" असे लिहिले असते तर अर्धी गोष्ट हातची गेली असती. उत्तेजनक्षमता मोजताना रेझिस्टन्स आणि व्होल्टेज दोन्ही मोजा.

पायरी ४: उंबरठ्याच्या जरा खाली थांबा

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. उणे ६५ ते उणे ४५ या अरुंद पट्ट्यात पेशी "फायर होऊ की नको" ठरवत असते आणि तिथे तीन वेगळ्या स्वभावाचे चॅनेल बसलेले असतात.

पहिला केव्ही४. हा ए-प्रवाह देतो: झटकन उघडतो आणि दहा-वीस ते शंभरेक मिलिसेकंदांत आपोआप निष्क्रिय होतो. त्याची मेख अशी की पेशी आधीच उणे ५० जवळ बसलेली असेल तर तो निष्क्रियच पडून असतो. त्याला तयार करायला आधी खाली नेऊन आणावे लागते. म्हणून एक सोपी चाचणी करा. पेशीला एकदा उणे ६० वर आणि एकदा उणे ८५ वर धरा आणि दोन्ही वेळा उंबरठा नुकताच ओलांडला जाईल इतका प्रवाह द्या. उणे ८५ वरून निघाल्यावर व्होल्टेज चढता चढता मध्येच अडते, एक छोटी पायरी पडते आणि पहिला स्पाइक उशिरा येतो. उशीर फक्त पटल चार्ज व्हायला लागणाऱ्या वेळाएवढा असेल तर ए-प्रवाहाचे नाव घेऊ नका. आधी पेशीचा टाइम कॉन्स्टंट (पटल चार्ज होण्याच्या वेळेचे माप) काढा आणि मग ताडून पाहा.

केव्ही४ कुठे बसला आहे तेही महत्त्वाचे. हिप्पोकॅम्पसच्या सीए१ पिरॅमिडल पेशींच्या डेंड्राइटमध्ये, म्हणजे संदेश घेणाऱ्या फांद्यांत, पेशीदेहापासून जसजसे दूर जावे तसतसा ए-प्रवाह वाढत जातो, हे १९९७ मध्ये दाखवले गेले. त्यामुळे पेशीदेहाकडून डेंड्राइटमध्ये मागे सरकणारा स्पाइक दूरच्या फांदीत जाईपर्यंत मलूल होतो. पण त्याच फांदीत आधी सिनॅप्सचा संदेश येऊन व्होल्टेज थोडे चढले असेल तर केव्ही४ निष्क्रिय होतो आणि तोच स्पाइक दमदारपणे पोचतो. दोन घटना एकाच वेळी घडल्या का, हे पेशीला कळण्याचा हा एक मार्ग.

दुसरा केव्ही१, डी-प्रवाहाचा मालक. हा ॲक्झॉनच्या (स्पाइक पुढे नेणाऱ्या तंतूच्या) सुरुवातीच्या भागात आणि मायलिनच्या कडेखाली, रॅन्व्हिए गाठींच्या अलीकडे-पलीकडे दाटीने असतो. तोही लवकर उघडतो, पण निष्क्रिय व्हायला आणि त्यातून सावरायला सेकंदांचा वेळ घेतो. म्हणून त्याची खूण वेगळी: लांब स्पंदात पेशी कितीतरी वेळ उंबरठ्याच्या कडेवर रेंगाळते, व्होल्टेज हळूहळू वर सरकते आणि शेवटी स्पाइक येतो. लगेच तोच स्पंद पुन्हा द्या. दुसऱ्या वेळी उशीर कमी झाला तर केव्ही१ वर बोट ठेवायला हरकत नाही. केव्ही१ अडवणाऱ्या १०० नॅनोमोलर डेंड्रोटॉक्सिनने हा उशीर जातो. केव्ही १.१ च्या केसीएनए१ जनुकातील बदलांमुळे एपिसोडिक अ‍ॅटॅक्सिया प्रकार १ होतो: मधूनमधून तोल जाण्याचे झटके आणि एरवीही स्नायूंची बारीक थरथर. हे घराणे प्रथम हाती लागले तेही थरथरीमुळेच. ईथर दिल्यावर पाय थरथरवणाऱ्या फळमाशीच्या शेकर या उत्परिवर्तनातून १९८७ मध्ये पहिला पोटॅशियम चॅनेल क्लोन झाला.

तिसरा केव्ही७, एम-प्रवाह. डेव्हिड ब्राउन आणि पॉल अ‍ॅडम्स यांनी १९८० मध्ये बेडकाच्या सिंपथेटिक पेशींत तो वर्णिला. मस्कॅरिनिक (ॲसिटिलकोलिनचे) रिसेप्टर जागे झाले की तो मिटतो, म्हणून "एम". तो उणे ६० च्या आसपास उघडू लागतो, सावकाश उघडतो आणि निष्क्रिय होतच नाही. त्यामुळे एकट्या स्पाइकवर त्याचा फारसा प्रभाव पडत नाही, पण सेकंदभर चाललेल्या उत्तेजनेवर त्याचा लगाम राहतो. रेकॉर्डिंगमध्ये सुरुवातीचे चार-पाच स्पाइक जवळजवळ येतात आणि मग अंतर वाढत जाते. व्होल्टेज क्लॅम्पमध्ये (व्होल्टेज ठरवून प्रवाह मोजण्याच्या पद्धतीत) पेशीला उणे ३० वर धरा आणि एक सेकंदासाठी उणे ५० वर न्या. प्रवाह लगेच नव्या पातळीवर स्थिरावत नाही, हळू वाकत उतरतो. ती वाकलेली रेघ म्हणजे एकेक करून मिटणारे केव्ही७. केव्ही७ अडवणारे १० मायक्रोमोलर एक्सई९९१ दिल्यावर वाक गेला तर ओळख पटली.

केव्ही७ उघडा राहायला पटलातले पीआयपी२ हे लिपिड लागते. मस्कॅरिनिक संदेश त्याचेच विघटन करतो. होल-सेल पद्धतीत पिपेट आणि पेशीचे आतले द्रव एक होते, त्यामुळे पेशीतला ऊर्जेचा साठा पिपेटमध्ये विरघळत जातो आणि हा प्रवाहही आटत जातो. औषध न देताच वीस मिनिटांत एम-प्रवाह अर्धा झाला असेल तर त्याचे कारण बहुधा हेच. पिपेटमध्ये एटीपी आणि जीटीपी ठेवा आणि एक गट बिनऔषधाचा, तेवढ्याच वेळाचा, नक्की घ्या.

पायरी ५: एकच स्पाइक मोठा करून पाहा

आता स्पाइकची उतरती बाजू. हॉजकिन आणि हक्सली यांनी १९५२ मध्ये स्क्विडच्या ॲक्झॉनमध्ये "उशिरा उघडणारा" जो पोटॅशियम प्रवाह मांडला, त्याची कामे सस्तन प्राण्यांच्या पेशीत अनेकांनी वाटून घेतली आहेत.

स्पाइकची अर्ध्या उंचीवरची रुंदी मोजा. ती ०.५ मिलिसेकंदाच्या आत असेल आणि पेशी न थकता वेगाने फायर होत असेल तर केव्ही३ समोर आहे असे समजून चाला. आता सुरुवातीचे कोडे सुटते. केव्ही३ साधारण उणे १० च्या वर उघडतो, म्हणजे स्पाइक चालू असतानाच. उंबरठ्याखाली तो आडवा येत नाही. उघडला की व्होल्टेज झपाट्याने खाली आणतो, त्यामुळे सोडियम चॅनेलना निष्क्रियतेतून सावरायला वेळ मिळतो. आणि तो स्वतः लगेच मिटतो, म्हणून पुढच्या स्पाइकच्या वाटेत शेपूट अडकवून ठेवत नाही. त्याला काढले की सोडियम चॅनेल सावरत नाहीत आणि पेशी मंदावते.

बीके हा इथला दुसरा गडी. एका चॅनेलची वाहकता २०० ते ३०० पिकोसीमेन्स, एसकेच्या सुमारे १० च्या तुलनेत अवाढव्य. त्याला व्होल्टेज आणि कॅल्शियम दोन्ही लागतात, आणि कॅल्शियम बरेच लागते, म्हणून तो कॅल्शियम चॅनेलला चिकटून बसतो. स्पाइक उतरवून तो काही मिलिसेकंदांची टोकदार खोच सोडतो. कॅल्शियम पकडणारे १० मिलिमोलर ईजीटीए पिपेटमध्ये असूनही ही खोच टिकते, कारण ईजीटीए इतक्या जवळचे कॅल्शियम पकडायला संथ पडते. त्याहून चपळ बाप्टाने मात्र ती जाते. पिपेटमध्ये काय भरले आहे हे न सांगता "या पेशीत बीके नाही" असे कुणी म्हटले तर मानू नका. मेंदूतल्या काही बीके चॅनेलना बीटा४ उपघटक जोडलेला असतो आणि त्यांच्यावर बीके अडवणारे आयबेरिओटॉक्सिन नीट चालत नाही. तिथे पॅक्सिलिन वापरा.

केव्ही२ पेशीदेहावर आणि जवळच्या डेंड्राइटवर झुंडीने असतो, सावकाश उघडतो. एका स्पाइकमध्ये त्याचा वाटा लहान वाटतो, पण स्पाइकच्या लांब माळेत तो साचत जातो आणि स्पाइकमधल्या अंतरात व्होल्टेज पुरेसे खाली ठेवतो.

पायरी ६: स्पाइकनंतरची दरी

माळ संपल्यावर व्होल्टेज किती वेळ खाली राहते ते पाहा. काही मिलिसेकंदांचे श्रेय वर बीकेला दिलेच. ५० ते २०० मिलिसेकंदांच्या दरीत एसके असू शकतो: त्याला व्होल्टेज कळत नाही, त्याच्याशी जोडलेल्या कॅल्मोड्युलिनमार्फत तो फक्त कॅल्शियम ओळखतो आणि मधमाशीच्या विषातल्या अ‍ॅपामिनने बंद होतो. पण मधली दरी दिसली की एसकेचे नाव लिहून मोकळे होऊ नका. सीए१ पिरॅमिडल पेशींत तिच्यात केव्ही७ चाही मोठा वाटा असतो. १०० नॅनोमोलर अ‍ॅपामिन आणि एक्सई९९१ वेगवेगळे देऊन पाहावे.

पायरी ७: औषधे आणि त्यांचे बहुरंगी स्वभाव

टीईए हे पोटॅशियम चॅनेल अडवणारे औषध १ मिलिमोलरला केव्ही३ आणि बीके दोघांनाही पकडते, शिवाय केव्ही १.१ आणि केव्ही ७.२ लाही बऱ्यापैकी. ४-अमिनोपायरिडिन मायक्रोमोलर पातळीवर केव्ही१ आणि केव्ही३ अडवते, केव्ही४ साठी मिलिमोलर लागते. ते सिनॅप्सवरचा स्रावही वाढवते, म्हणून आधी सिनॅप्सचे रिसेप्टर बंद करा, नाहीतर शेजारच्या पेशींचा गोंगाट तुमच्या पेशीच्या नावावर जमा होतो. कोणत्याही एका औषधावर निष्कर्ष टेकवू नका. खूण, व्होल्टेजचा पट्टा आणि औषध, तिन्ही एकाच चॅनेलकडे बोट दाखवत असतील तरच नाव लिहा. तापमानही नोंदवा. चॅनेलचे उघडणे-मिटणे १० अंशांच्या फरकाने साधारण तिप्पट बदलते.

पायरी ८: आजाराचे जनुक समोर आले तर

केसीएनक्यू२ या केव्ही ७.२ च्या जनुकातला कार्यनाश नवजात बाळाला झटके आणतो. हे अपेक्षित वाटते: लगाम सैल झाला, पेशी उधळली. पण केसीएनटी१, म्हणजे सोडियमवर उघडणारा पोटॅशियम चॅनेल, त्याचे कार्य *वाढल्याने* अर्भकांत तीव्र अपस्मार होतो. बीकेच्या जनुकातला एक बदलही चॅनेल अधिक उघडा ठेवतो आणि त्याबरोबर अपस्मार आणि अनैच्छिक हालचाली दिसतात. अशा वेळी पहिला प्रश्न हा की तो चॅनेल कोणत्या पेशीत जास्त आहे. रोखणाऱ्या पेशी थंडावल्या तर पूर्ण जाळे तापते. दुसरा प्रश्न केव्ही३ चाच: स्पाइक लवकर उतरल्यामुळे सोडियम चॅनेल लवकर सावरून वेग वाढला का? जनुकाच्या अहवालात "वाढ" किंवा "घट" वाचून लगेच औषधाची दिशा ठरवणे धोक्याचे आहे. केव्ही७ उघडणारे रेटिगाबिन २०११ मध्ये अपस्मारासाठी मंजूर झाले. पुढे त्वचा निळसर होणे आणि दृष्टिपटलात रंगद्रव्य साचणे लक्षात आले आणि २०१७ मध्ये ते बाजारातून गेले.

पायरी ९: काढलेले परत घालून पाहा

औषधाने चॅनेल बंद झाला आणि स्पाइकचा नमुना बदलला, एवढ्याने काम पुरे होत नाही. सोय असेल तर डायनॅमिक क्लॅम्प वापरा. संगणक क्षणोक्षणी पेशीचे व्होल्टेज वाचतो, समीकरणावरून त्या चॅनेलचा प्रवाह काढतो आणि इलेक्ट्रोडमधून तेवढाच परत देतो. एक्सई९९१ ने केव्ही७ बंद केल्यावर त्याची वाहकता संगणकातून हळूहळू वाढवत न्या: १ नॅनोसीमेन्स, २, ३. स्पाइकमधले अंतर पुन्हा वाढत जाऊन मूळ माळेवर बसले, तर नाव शाईने लिहा. बसले नाही, तर आधी चॅनेलच्या जागेचा विचार करा. संगणक प्रवाह पेशीदेहात सोडतो आणि खरे केव्ही७ ॲक्झॉनच्या सुरुवातीला दाटलेले असतात, तिथे जिथून स्पाइक निघतो.